श्वास रोखा, हलू नका

मोटारसायकलचं मागचं चाक घसरलं तर काय करावं, या विषयावर मी आमच्या इमारतीत एक व्याख्यान आणि अर्धं प्रात्यक्षिक दिलेलं आहे. अर्धं म्हणायचं कारण, उरलेलं अर्धं मी आडव्या अवस्थेत पार पाडलं. व्याख्यान चांगलं झालं असं पुष्कळांनी सांगितलं. प्रात्यक्षिकाबद्दल मात्र कोणी तोंडावर बोलत नाही. जिन्यात भेटले की फक्त माझ्या बरगड्यांकडे बघतात.

मी विमा कंपनीत आहे. अपघाताचे दावे माझ्या टेबलावर येतात. दावा करणारा माणूस नेहमी एकच वाक्य लिहितो, 'गाडी अचानक घसरली.' त्या 'अचानक'खाली मी आजवर इतक्या लाल रेघा मारल्या आहेत की ऑफिसात माझ्यासाठी लाल पेनं वेगळी मागवतात. माझं म्हणणं असं की गाडी कधीच अचानक घसरत नाही. गाडी घसरायच्या तयारीत असते आणि चालवणारा भलतीकडे बघत असतो. 'चालकाचे लक्ष नसावे' हा माझा आवडता शेरा. तो लिहिताना मनाला एक स्वच्छ समाधान मिळतं, ते माझ्यासारख्या माणसाला घरात सहसा मिळत नाही.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की माझी स्वतःची गाडी अचानक घसरली.

रोज सकाळी मी बायकोला तिच्या इस्पितळाच्या फाटकाशी सोडतो आणि पुढे ऑफिसला जातो. ती तिथे एक्स-रे विभागात आहे. मशीन तीच चालवते. गाडीवर डोक्यात हेल्मेट, भोवती हॉर्न, त्यामुळे बोलणं नीट ऐकू येत नाही. म्हणून माझ्या गाडीचा डावा आरसा रस्ता दाखवत नाही, बायको दाखवतो. लग्नानंतर कधीतरी मी तो तसा वळवला आणि मग तसाच राहिला. सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक न विचारता तो सरळ करून ठेवतो आणि गॅरेजच्या बाहेर पडलो की मी पुन्हा वळवतो. आमच्या संसारातले निम्मे निर्णय त्या आरशात झाले आहेत. तिने भुवई वर केली की मी काहीतरी विसरलोय. दोन्ही केल्या की ते कालच विसरलोय.

त्या सकाळी विषय न्हाणीघरातल्या गळक्या नळाचा होता. नळ मीच दुरुस्त केला होता आणि त्यानंतरच तो गळायला लागला होता, असं तिचं म्हणणं. मी आरशात बघून मानेने माझी बाजू मांडत होतो. वाटेत एका वळणावर गाड्या धुण्याचं दुकान आहे. तिथलं साबणाचं पाणी सकाळपासून रस्त्यावर पसरलेलं असतं. रोज मी तिथे वेग कमी करतो. त्या दिवशी नळ होता.

मागचं चाक डावीकडे निघालं. म्हणजे असं, की गाडीचा पुढचा भाग ऑफिसच्या दिशेने जात होता आणि मागचा भाग, बायकोसकट, वेगळीकडे. इतक्या वर्षांत आमच्यात मतभेद झाले, पण दिशेबाबत कधी झाले नव्हते. आता पुढचा ब्रेक करकचून दाबायचा आणि पाय खाली टाकायचा, एवढंच मला सुचलं. तेवढ्यात मागून एक स्वच्छ, संथ, अजिबात न घाबरलेला आवाज आला.

"श्वास रोखा. हलू नका."

हे वाक्य ती दिवसभर म्हणते. त्या आवाजापुढे भलेभले पहिलवान पुतळ्यासारखे उभे राहतात असं मी ऐकलं होतं. मीही राहिलो. ब्रेक दाबला नाही, पाय टाकला नाही, अॅक्सिलरेटर होता तिथेच राहिला, कारण हात हलवायचीच परवानगी नव्हती. चाक साबणावरून पलीकडे कोरड्या रस्त्यावर गेलं, एक हिसका बसला आणि गाडी सरळ झाली. थोडं पुढे गेल्यावर मागून "सोडा" ऐकू आलं. मी श्वास सोडला.

फाटकाशी ती उतरली, आरशात केस सारखे केले आणि आत गेली. मला वाटतं आम्हाला दोघांनाही थोडं रडू येत होतं.

संध्याकाळी खाली गाडी लावत होतो तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांचा मोठा गुण म्हणजे ते ऐकून घेतात आणि मोठा दोष म्हणजे ते ऐकलेलं वापरतात. मी सहज सांगितलं, की आज वळणावर मागचं चाक घसरलं, पण वाचलो. त्यांनी विचारलं, कसे काय वाचलात? इथे मला खरं सांगायला काही हरकत नव्हती. पण साठीच्या घरातला एक जबाबदार माणूस तुमच्याकडे एवढ्या आदराने बघत असताना 'बायकोने हलू नका सांगितलं' हे वाक्य तोंडातून निघत नाही. मी म्हणालो, अशा वेळी काही न करणं हेच सगळ्यात अवघड असतं. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते परत एकदा म्हटलं.

"आणि वहिनी? घाबरल्या असतील," ते म्हणाले.

"थोडीशी ओरडली," मी म्हणालो.

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी प्रश्नच असा टाकला होता की त्यात ओरडण्याची जागा तयार होती. मी फक्त ती भरली. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई राहतात, त्यांना सांगेपर्यंत ती किंचाळली होती. तळमजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. त्यांनी घसरण्यातले बारकावे विचारायला सुरुवात केल्यावर मला माझ्या शांतपणाला काही तोलामोलाचं संकट देणं भाग पडलं. त्या कथेत तिने मागून माझा गळा पकडला. काका म्हणाले, "बाईमाणूस मागे असलं की असंच." मी गंभीरपणे मान डोलावली. ती मान आता आठवली तरी कुठेतरी लपवून ठेवावीशी वाटते.

दोन-तीन दिवसांनी बायको म्हणाली, मी आजपासून बसने जाते. मी विचारलं का, तर म्हणाली, बस बरी पडते. बस तिला अजिबात बरी पडत नव्हती. थांबा लांब, गर्दी भरपूर, आणि उतरल्यावर पुन्हा चालायचं. संध्याकाळी ती येई तेव्हा चपला दाराशी न काढता पायातून गळून पडायच्या. मी समजलो, हिने गाडीची धास्ती घेतली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा मोठेपणाही वाटला, की घाबरलेल्या माणसाला आपण धीर द्यायला हवा. रोज सकाळी मी रिकामं सीट घेऊन निघायचो आणि डाव्या आरशात मागे कोणी नसायचं, नुसतं आभाळ. त्या वळणावर आलो की मी पाय टेकवत टेकवत जायचो. मला ती परत मागे बसायला हवी होती. दुसरं काही नको होतं. पण हे तिला सरळ म्हणायचं सोडून मी एक योजना आखली.

योजना अशी, की मागचं चाक घसरलं तर काय करायचं ते नीट शिकायचं, तिच्यासमोर करून दाखवायचं आणि तिची भीती घालवायची. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मोटारसायकलवाला आहे. सुट्टीला तो कातडी जाकीट घालून डोंगरात जातो आणि फोटो पाठवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, हँडल आवळायचं नाही, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, अॅक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, आणि जिकडे जायचंय तिकडे बघायचं. बाकी गाडी बघून घेते. "थोडक्यात काय, घाबरून काही करायचं नाही," तो म्हणाला. मी म्हणालो, काही न करण्याचा मला ऑफिसात भरपूर सराव आहे. तो हसला नाही. ताईला देऊ का फोन म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "ताईशी परवाच बोललोय." त्याच्या स्वरात काहीतरी होतं. मी दुर्लक्ष केलं, कारण दुर्लक्ष करण्याचाही मला सराव आहे.

ड्रायव्हरकाकांचा सल्ला वेगळा होता. त्यांनी आयुष्यभर बस चालवली आणि बसचं काहीही घसरलं तरी प्रवाशांना कळू द्यायचं नाही हे त्यांचं तंत्र. शिकवणीवाल्या बाईंनी घर्षणावरचा धडा काढून दिला आणि त्याखालचे प्रश्नही सोडवा म्हणाल्या. सेक्रेटरींनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी कार्यक्रम ठरवला.

झालं असं, की आमच्या इमारतीत तळघरात गाड्या लावायला उतार आहे आणि तो उतार वर्षभर निसरडा असतो. बरेच जण तिथे पडलेत. उतार दुरुस्त करायचा तर ठराव लागतो, बैठक लागते, कोणाच्या तरी विरोधाला तोंड द्यावं लागतं. माणसं दुरुस्त करायला नोटीस पुरते. 'मागचे चाक घसरल्यास घ्यावयाची दक्षता : अनुभवी रहिवाशाचे मार्गदर्शन व प्रात्यक्षिक' अशी नोटीस लागली. तो अनुभवी रहिवासी मी आहे हे मला लिफ्टमध्ये कळलं.

मग परवानग्या आल्या. सेक्रेटरींना परवानगी मागितल्याशिवाय झोप येत नाही. ते वाहतूक शाखेत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की कुंपणाच्या आत रस्ता नसतो, त्यामुळे तिथे घसरणं हा खात्याचा विषय नाही. कुंपणाबाहेर घसरायचं असेल तर अर्ज करा. पाणीखात्याने विचारलं, साबणाचं पाणी किती सांडणार आणि कुठल्या गटारात जाणार. गटाराचं खातं वेगळ्या इमारतीत होतं आणि तिथले साहेब रजेवर होते. शेवटी समितीच्या बैठकीत असं ठरलं, की जिने धुण्याच्या दिवशीच प्रात्यक्षिक घ्यावं, म्हणजे पाणी आपोआप सांडलेलं असेल आणि ते कोणी सांडलं हा प्रश्न येणार नाही. या युक्तीवर सेक्रेटरी इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा सांगितला.

आता मागे कोण बसणार हा प्रश्न निघाला. ड्रायव्हरकाका म्हणाले, त्या दिवशी जसं झालं तसंच व्हायला हवं, म्हणजे मागे वहिनी हव्यात. किंचाळल्या तर उत्तमच, लोकांना कळेल अडचण काय असते. मी घरी येऊन बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, तू मागे बस, मी तुला दाखवतो की घाबरण्यासारखं काही नाही. तिने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी कशाला? मी किंचाळते ना," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून माणसाला कळायला हवं. मलाही तसंच वाटतं. पण त्या वेळी मला वाटलं, ही स्वतःच्या भीतीची थट्टा करते आहे, म्हणजे सुधारणा आहे.

तिच्या जागी वाळूचं पोतं ठरलं. वजन सारखं व्हावं म्हणून सेक्रेटरींनी चारचौघांत मला तिचं वजन विचारलं आणि मी चारचौघांत ते सांगितलं. ती खिडकीत उभी होती हे मी नंतर बघितलं. पोतं दोरीने सीटला बांधलं, आणि ते माणसासारखं दिसावं म्हणून कोणीतरी त्याला एक जुनं हेल्मेट घातलं. समोरून बघितलं तर माझ्या मागे एक जाड, शांत, काही न बोलणारी व्यक्ती बसल्यासारखं वाटत होतं. अख्खी इमारत खाली जमली. सेक्रेटरींनी फोन काढून चित्रण सुरू केलं.

व्याख्यान खरोखर चांगलं झालं. मेव्हण्याने सांगितलेलं सगळं मी माझं म्हणून सांगितलं. हात सैल, नजर पुढे, मन शांत. "काही न करणं हेच सगळ्यात अवघड असतं," असं मी म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मी वर खिडकीकडे बघितलं. ती तिथेच होती, टाळ्या वाजवत नव्हती.

मग मी गाडी सुरू केली. जिन्यांचं साबणाचं पाणी सपाट जागेवर पसरलं होतं. ठरल्याप्रमाणे तिथवर जायचं, मागचा ब्रेक हलकेच दाबायचा, चाक थोडं सरकू द्यायचं आणि काही न करता पलीकडे निघून जायचं. मी गेलो. ब्रेक दाबला. चाक सरकलं. सवयीने मी डाव्या आरशात बघितलं आणि तिथे पोतं होतं. ते काहीच म्हणालं नाही. मी वाट बघत राहिलो. शपथेवर सांगतो, मी खरोखर त्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही तेव्हा माझ्या हाताला जे करायचं होतं ते त्याने केलं. पुढचा ब्रेक मी चारही बोटांनी आवळला.

पुढचंही चाक गेलं. मी डाव्या अंगावर पडलो, गाडी माझ्या पायापाशी आणि सुटलेलं पोतं माझ्या छातीवर. पोत्याचं हेल्मेट सुटून घरंगळत ड्रायव्हरकाकांच्या पायाशी गेलं आणि काका सवयीने म्हणाले, "प्रवाशांना लागलं का?"

चित्रण इतकं स्पष्ट आलं की सेक्रेटरींनी ते तिथल्या तिथे सगळ्यांना पाठवलं. नंतर ते सावकाश गतीनेही बघितलं गेलं. त्यात दिसतं, की चाक सरकल्याबरोबर मी डोळे घट्ट मिटले आहेत. नुसते मिटले नाहीत, तर तोंडही वेडंवाकडं करून मिटले आहेत. 'नजर पुढे' हे शब्द उच्चारल्यानंतर थोड्याच वेळाने. आणि पडताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला आहे, त्याला किंचाळणं याखेरीज शब्द नाही.

गर्दीतून वाट काढत ती खाली आली. मी उठायला लागलो तसं तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, हलू नका. मी हललो नाही. तिने पोतं बाजूला केलं, बरगड्या चाचपल्या, आणि सेक्रेटरींना रिक्षा आणायला सांगितलं. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला ती माझा खांदा धरून ठेवत होती. मी म्हणालो, अचानक झालं गं. त्या शब्दाबरोबर माझी सगळी लाल पेनं डोळ्यांपुढे उभी राहिली. प्रात्यक्षिकात झालेल्या नुकसानाला विमा मिळत नाही हेही तेव्हाच आठवलं. तसं कलम आहे, आणि त्यावर बोट ठेवून मी कितीतरी जणांना परत पाठवलं आहे.

इस्पितळात तिनेच माझा एक्स-रे काढला. तिच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो होतो. एवढी वर्षं फाटकापर्यंतच. थंडगार खोली, मधोमध यंत्र, एका कोपऱ्यात काचेमागे तिची जागा. तिने मला उभं केलं, छाती फळीला टेकवली, खांदे पुढे ढकलले, हनुवटी वर केली. मग काचेमागे गेली. मला ती दिसत नव्हती, समोर भिंत होती.

"श्वास रोखा. हलू नका."

मी रोखला. यंत्राचा आवाज होऊन गेला. आता 'सोडा' येईल म्हणून मी थांबलो. आलं नाही.

"मी किंचाळले?" मागून आवाज आला. तोच आवाज, स्वच्छ आणि संथ. "तुमचा गळा धरला मी? शिकवणीवाल्या बाई जिन्यात मला समजावत होत्या, किंचाळू नये हो अशा वेळी, गाडीचा तोल जातो. मी हो म्हटलं. काय सांगणार होते? माझा नवरा खोटं बोलतोय म्हणून?"

मला काहीतरी बोलायचं होतं. छातीत हवा दाटली होती, बरगडीत कळ येत होती.

"हलू नका. गाडी घसरली म्हणून मी बसने जात नाही. गाडी घसरते. पण मी जे केलं ते तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलंत, आणि तुम्ही जे केलं असतंत ते माझ्या नावावर टाकलंत. अशा माणसाच्या मागे मी कशी बसू?"

भिंतीवर एक तडा होता. मी त्या तड्याकडे बघत राहिलो. डोळे भरून आले तर ते हलणं धरतात का, मला माहीत नव्हतं.

"सोडा," ती म्हणाली.

मी सोडला. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटलेली नाही. मेव्हण्याला माहीत होतं, सासूबाईंना माहीत असणार, त्या खोलीतल्या यंत्रालाही बहुधा आधीपासून माहीत असावं. बरगडीला बारीक चीर निघाली. तिने फिल्म उजेडात धरून मला दाखवली आणि म्हणाली, विशेष काही नाही, आपोआप भरेल. मी विचारलं, आणि बाकीचं? ती म्हणाली, बघू.

दुसऱ्या दिवशी छातीला पट्टा बांधून मी इमारतीत खरं सांगायला निघालो. खोटं सांगायला मला जिना चढावा लागला नव्हता. ते आपल्या पायांनी गेलं होतं. खरं मला स्वतः एकेका दारापर्यंत पोचवावं लागलं. सेक्रेटरींनी विचारलं, वहिनींनी सांगायला लावलं का? ड्रायव्हरकाका म्हणाले, पडल्यावर असं होतं, दोन दिवस विश्रांती घ्या. शिकवणीवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "स्वतःचं श्रेय बायकोला द्यायचं, किती मोठं मन हो तुमचं." म्हणजे मी निघालो होतो ते दुरुस्त करायला आणि परत आलो ते आणखी थोडा मोठा होऊन. दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला हसू आलं असावं, पण तिने ते मला दिलं नाही.

शेवटी उताराच्या दुरुस्तीची बैठक झाली, कारण आता पडणाऱ्यांत एका अनुभवी रहिवाशाची भर पडली होती. बैठकीच्या अखेरीला मी उभा राहिलो. म्हणालो, त्या दिवशी वळणावरही माझे डोळे मिटलेले होते. मी ब्रेक दाबणारच होतो. माझी बायको मागे शांत बसली होती, तिने मला हलू नका सांगितलं, मी ऐकलं म्हणून आम्ही दोघं वाचलो. ती किंचाळली नाही. किंचाळतो मी, आणि ते तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. फोनचा उल्लेख केल्यावर मात्र लोकांचा विश्वास बसला. सेक्रेटरींनी अडचण काढली, की हे इतिवृत्तात कुठल्या विषयाखाली घ्यायचं. बराच खल झाला. अखेर 'आयत्या वेळचे विषय' यात ते गेलं. ती मागच्या खुर्चीवर बसून नखं बघत होती. मी खाली बसलो तेव्हा घामाने पट्टा भिजला होता आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं.

बरगडी भरली. गाडी दुरुस्त होऊन आली. नवा डावा आरसा मेकॅनिकने नेहमीप्रमाणे रस्त्याकडे करून दिला होता आणि या वेळी मी तो वळवला नाही. कोणत्या तोंडाने वळवणार होतो? सकाळी गाडी सुरू करून मी इमारतीच्या फाटकाशी थांबलो. बोलावलं नाही. ती बसच्या थांब्याकडे निघाली, चार पावलं गेली, थांबली, परत आली. तिने आरसा हाताने वळवला, मागे जाऊन उभी राहिली, बघितलं, पुन्हा येऊन थोडा आणखी वळवला. मग बसली.

त्या वळणावर साबणाचं पाणी होतंच. मी अगदी सावकाश गेलो, हात सैल, नजर पुढे. तरीही मागचं चाक वीतभर सरकलं. मी आवाजाची वाट बघितली. आला नाही. आता काय करायचं ते मलाच करायचं होतं, म्हणजे काहीच करायचं नव्हतं. डोळे उघडे ठेवले. साबण, डांबर, समोरच्या ट्रकचा मागचा दिवा, सगळं दिसत होतं आणि सगळ्याची भीती वाटत होती. चाक सरकलं, कोरड्यावर आलं, सरळ झालं. मी काही बोललो नाही. इतक्या लहान गोष्टीवर बोलून मी काय गमावलं होतं ते मला माहीत होतं.

इस्पितळ जवळ आल्यावर मी डाव्या आरशात बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, खांदे वर. वळणापासून ती श्वास रोखून बसली होती. दिवसभर साऱ्या गावाला सोडा म्हणणाऱ्या या बाईला कोणी कधी सोड म्हणालं नसावं.

"सोड," मी म्हणालो.

तिने सोडला. माझ्या मानेवर तो गरम लागला. मग आरशात माझ्याकडे बघून, दोन्ही भुवया वर करून ती म्हणाली, "समोर बघा."